माणसे सांभाळणे आणि साहेब सांभाळणे

मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रात रविवारच्या संपर्कसत्राला येणारा प्रौढ विद्यार्थी मनातला खरा प्रश्न वर्गात सहसा विचारीत नाही. तास संपतो, फळा पुसला जातो, आणि जिना उतरताना तो आपल्याबरोबर चालू लागतो. कोल्हापुरात अशा सत्रांना शिकविताना हा जिन्यावरचा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकला आहे, की त्याचे शब्दही मला पाठ झाले आहेत. "सर, ही डिग्री घेऊन काय हुणार हाय? आमच्यात ज्याला बोलायला येतंय, त्योच पुढं जातोय." विचारणारा कधी शिरोलीच्या फौंड्रीतला पर्यवेक्षक असतो, कधी पतसंस्थेतला लिपिक, कधी दोन मुलांना सासूजवळ ठेवून आलेली अंगणवाडी सेविका. दिवसाची पाळी करून रात्री हे पुस्तक उघडणाऱ्या आपल्यालाही हा प्रश्न पडला असेल. त्याला 'ज्ञानासारखे पवित्र काही नाही' असे उत्तर देणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. आपण शुल्क भरले आहे, झोप मोडली आहे. आपल्याला हिशेब विचारण्याचा अधिकार आहे.

प्रश्नातला अर्धा भाग खरा आहे, हे आधीच मान्य करू. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचे गहूही खपत नाहीत, हा अनुभव आपल्या लोकांनी फार पूर्वीच म्हणीत बांधून ठेवला. परंतु 'बोलायला येते' या दोन शब्दांत आपण किती वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो, हे एकदा सुटे करून पाहिले पाहिजे. शेतकऱ्याची अडचण ऐकून घेणे, चिडलेल्या ग्राहकाला शांत करणे, दोन भांडणाऱ्या सहकाऱ्यांना एका मेजावर बसविणे, साहेबांच्या मुलीच्या लग्नात वाढप्याचे काम करणे आणि दुसऱ्याचे श्रम आपल्या नावावर सांगणे, या सर्वांना आपण एकच शब्द वापरतो.

मी माझी नोकरी एका निमसरकारी कार्यालयात केली. त्याचे नाव येथे महत्त्वाचे नाही. निवृत्तीला थोडी वर्षे उरली असताना २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आला. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट धरतात. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. आंबेवाडी, चिखली ही नदीकाठची गावे पाण्याने वेढली गेली, महामार्ग बंद पडला. आमच्या कार्यालयातल्या दोन सहकाऱ्यांची नेमणूक पूरग्रस्तांच्या याद्यांच्या कामावर झाली. एकजण एम.ए., तेही प्रथम श्रेणीत. त्यांची टिपणी अशी असे, की वरिष्ठांना स्वल्पविरामही बदलावा लागू नये. मात्र अभ्यागत समोर उभा राहिला की यांची नजर कागदावरून उठत नसे. दुसरे गृहस्थ दहावीवर चिकटलेले. लिहायचे म्हटले की त्यांना घाम फुटे. परंतु करवीर तालुक्यातल्या कोणत्या गावात कोणाचे कोणाशी पटत नाही, हे त्यांना तोंडपाठ.

पुराच्या त्या आठवड्यात दुसऱ्या गृहस्थांनी केलेले काम मी विसरणार नाही. एक वृद्धा घर सोडायला तयार नव्हती. मुलगा, सरपंच, बोटीवरचे जवान, सर्वांनी समजावून झाले होते. हे गेले आणि म्हणाले, "मावशी, म्हस कुठं बांधलीय?" म्हातारीचा जीव म्हशीत अडकला होता. म्हैस उंचावरच्या शाळेच्या आवारात कोण बांधणार, वैरण कोण घालणार, हे ठरले आणि मावशी निमूटपणे बोटीत बसल्या. वस्तीत कोणाच्या घरी कोण आजारी आहे, कोणाचे कागद पाण्यात गेले, कोण लाजेने मदत मागणार नाही, हे सर्व त्यांच्या वहीत वेड्यावाकड्या अक्षरांत टिपलेले होते.

पाणी ओसरल्यावर मात्र ती वही अडली. यादीतले नाव शिधापत्रिकेवर एक, आधारवर दुसरे, सातबाऱ्यावर तिसऱ्याच म्हणजे वारलेल्या आजोबांचे. बँकेचा खातेक्रमांक अपुरा. कुटुंब एक, चुली तीन. यादी वरून परत आली. तेव्हा ते एम.ए. झालेले सहकारी चार दिवस खाली मान घालून बसले. प्रत्येक नावापुढे फरकाचे कारण काय, कोणता पुरावा जोडला आहे, कोणत्या नियमाने ते कुटुंब पात्र ठरते, हे त्यांनी इतक्या स्वच्छ मराठीत लिहिले, की दुसऱ्या खेपेला यादी परत आली नाही. त्या मावशींच्या खात्यावर पैसे जमा झाले ते या दोघांमुळे. एकाने त्यांना बोटीत बसविले, दुसऱ्याने त्यांचे नाव कागदावर टिकविले.

आता बढतीचे सांगतो, कारण आपल्याला तेच ऐकायचे आहे. पुढच्या वर्षी जागा निघाली. ती या दोघांपैकी कोणालाही मिळाली नाही. ती मिळाली एका तिसऱ्यालाच. तो पूरग्रस्त भागात एकदाच आला होता, वरिष्ठांच्या गाडीतून, आणि छायाचित्रात त्यांच्या उजव्या हाताला उभा होता. मला यात कटुता आणायची नाही. प्रत्येक कार्यालयात असा एक उजवा हात असतो. परंतु आपण जिन्यावर विचारता तो प्रश्न बहुधा याच माणसाला पाहून सुचलेला असतो. त्याला माणसे सांभाळता येत नव्हती, साहेब सांभाळता येत होता. ही दोन कौशल्ये बाहेरून सारखी दिसतात. दोन्हींत हसरा चेहरा लागतो, नावे लक्षात ठेवावी लागतात. तथापि पहिल्यात आपल्यापेक्षा खाली असलेल्याकडे लक्ष असते, दुसऱ्यात वर असलेल्याकडे.

हा भेद समजून घेण्यासाठी कोल्हापूरच्या मातीतलाच एक माणूस पाहू. हातकणंगले तालुक्यातील कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मलेले भाऊराव पाटील. पुढे कर्मवीर म्हणून आपण त्यांना ओळखतो. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या आदेशाने संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या आणि त्या जागा भरणारी मुले तयार व्हावीत म्हणून शहरात निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आश्रय दिला. त्यांपैकी जैन बोर्डिंगात राहून भाऊराव शिकत होते. म्हणजे शिकत होते असे म्हणायचे. त्यांचे लक्ष तालमीकडे अधिक. इंग्रजी सहावीच्या पुढे त्यांची गाडी गेली नाही. बोर्डिंगाचे अधीक्षक होते अण्णासाहेब लठ्ठे. एम.ए. झालेले, राजाराम कॉलेजात शिकविलेले, तत्कालीन बहुजन समाजातले एक अत्यंत विद्वान गृहस्थ. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला भाऊराव गेले आणि परतल्यावर आंघोळ करण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून लठ्ठ्यांनी त्यांना बोर्डिंगातून काढून टाकले.

परीक्षेत नापास, वसतिगृहातून हाकललेला असा हा तरुण. पुढे १९१४ साली कोल्हापुरात ब्रिटिश सत्तेचे प्रतीक असलेल्या पुतळ्याला डांबर फासले गेले आणि अधिकाऱ्यांचा संशय लठ्ठ्यांवर गेला. भाऊरावांनी लठ्ठ्यांविरुद्ध साक्ष द्यावी, असा त्यांच्यावर दबाव आला. मागचा हिशेब चुकता करण्याची याहून सोयीची संधी कोणती? सत्ताधाऱ्यांची मर्जी संपादण्याचीही हीच वेळ. भाऊरावांनी खोटी साक्ष दिली नाही. त्यांना अटक झाली, छळ झाला. तो इतका की त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. आजच्या भाषेत 'पीपल स्किल' म्हणतात त्याच्या कोणत्याही वर्गात हा प्रसंग शिकवीत नाहीत. परंतु पुढची चाळीस वर्षे खेड्यापाड्यांतील फाटक्या माणसांनी आपली मुले आणि मूठभर धान्य या माणसाच्या हवाली का केले, याचे उत्तर मला तरी तेथे सापडते.

कारागृहाबाहेर आल्यावर भाऊराव विक्रेते झाले, हे आपल्यापैकी विक्रीच्या नोकरीत असणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. त्यांनी ओगल्यांच्या काचेच्या कारखान्यासाठी काम केले आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकले. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. ज्याला ही समजूत घालवायची होती, त्याला गावोगाव मुक्काम करावा लागे, चावडीवर बसावे लागे, शिव्याही खाव्या लागत. भाऊरावांना खेडी कळली ती या पायपिटीत. १९१९ साली कराडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली, ती या ओळखीच्या बळावर.

येथे मला घाईने एक खुलासा करावासा वाटतो. हे वाचून कोणी असा निष्कर्ष काढील, की पाहा, सहावी नापास माणूस एवढा मोठा झाला, मग पदवी कशाला? स्वतः भाऊरावांनी हा निष्कर्ष काढला नाही. ज्याला परीक्षेने बाहेर टाकले, त्याने सारे आयुष्य दुसऱ्यांना परीक्षेपर्यंत पोहोचविण्यात घातले. साताऱ्याच्या वसतिगृहासाठी पत्नी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही गेले. १९४७ साली त्यांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले आणि 'कमवा आणि शिका' हा मार्ग तेथे रूढ केला. दिवसा राबून शिकणारा विद्यार्थी ही कल्पना आपल्याला परकी नसेल. आणि भाऊराव गोडबोले होते असेही समजू नका. तापट होते. १९४८ मध्ये मुंबई राज्याच्या सरकारशी त्यांचे बिनसले आणि संस्थेचे अनुदान थांबले. तेव्हा गाडगेमहाराजांना मध्यस्थी करावी लागली. संवादकौशल्याच्या एखाद्या चाचणीत त्यांना किती गुण मिळाले असते, कोण जाणे. पुणे विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी.लिट. दिली ती १९५९ मध्ये, त्यांच्या निधनाच्या काही आठवडे आधी.

अलीकडे राजारामपुरीत फिरताना 'सॉफ्ट स्किल' शिकविणाऱ्या वर्गांचे फलक दिसतात. या शब्दाची जन्मकथा गमतीची आहे. १९७० च्या आसपास अमेरिकेच्या सैन्यात प्रशिक्षणाचा विचार करणाऱ्या मंडळींनी यंत्रांशी संबंधित कामांना 'हार्ड' आणि माणसांशी व कागदांशी संबंधित कामांना 'सॉफ्ट' असे नाव दिले. माणसांशी आणि कागदांशी! म्हणजे हाताखालच्यांवर देखरेख करणे जसे त्यात मोडत होते, तसाच नीट अहवाल लिहिणेही. आमच्या कार्यालयातले ते दोन सहकारी त्या मूळ व्याख्येनुसार एकाच बाजूचे ठरतात. मधल्या काळात कागद गळाला आणि केवळ बोलणे शिल्लक राहिले.

अशा वर्गांत आणखी एक आकडा हमखास सांगतात, की यशात ८५ टक्के वाटा माणसांशी वागण्याचा असतो आणि केवळ १५ टक्के ज्ञानाचा. हा आकडा ऐकून पुस्तक मिटण्याचा मोह होतो, म्हणून त्याचे मूळ सांगतो. अमेरिकेत १९१८ साली चार्ल्स मान यांनी अभियांत्रिकी शिक्षणावर एक अहवाल लिहिला. त्यासाठी अभियंत्यांना विचारले होते, की चांगल्या अभियंत्याच्या अंगी कोणते गुण किती महत्त्वाचे? त्यांच्या मतांची सरासरी अशी निघाली: चारित्र्य २४, निर्णयशक्ती साडेएकोणीस, कार्यक्षमता साडेसोळा, माणसांची समज १५, मूलभूत ज्ञान १५ आणि प्रत्यक्ष व्यवसायाचे तंत्र १०. ही मते आहेत, मोजमाप नव्हे, हे पहिले. आणि दुसरे असे, की माणसांची समज आणि ज्ञान यांना त्या अभियंत्यांनी अगदी सारखे गुण दिले होते. चारित्र्य आणि निर्णयशक्तीसुद्धा 'बोलण्यात' जमा करून पुढे कोणीतरी ८५ ची बेरीज केली. मराठीचे विद्यार्थी असलो तरी आपल्याला बेरीज तपासता आली पाहिजे.

या विषयाची एक बाजू अशी आहे, की ती टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. माणसांशी जुळवून घेण्याचे कौशल्य हे सर्वांना सारख्या भावात मिळत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. त्यांच्याइतके शिकलेले किती अधिकारी त्या वेळी बडोद्यात असतील? तरी राहायला घर मिळेना. पारशी पथिकाश्रमात नाव लपवून राहावे लागले आणि तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. नोकरी सोडून ते मुंबईस परतले. आता कोणी म्हणावे का, की आंबेडकरांच्या ठायी लोकांशी वागण्याचे कौशल्य कमी होते? समोरच्याने दार लावून घेतले असेल, तर आतल्या माणसांशी गोड बोलण्याची संधीच कोठे येते? कोल्हापुरात मात्र दार उघडले. शाहू महाराज आपण होऊन त्यांच्या भेटीला गेले, 'मूकनायक' पत्रासाठी अर्थसाहाय्य केले आणि मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत, हाच तुमचा पुढारी, असे जाहीरपणे सांगितले. विद्वत्तेची कदर करणे हेही माणसे ओळखण्याचे कौशल्यच, आणि ते सत्तेच्या जागेवर बसलेल्याकडे असणे अधिक आवश्यक. आपण उद्या त्या जागेवर बसाल, म्हणून हे लिहिले.

विद्यार्थिनींच्या बाबतीत हेच थोड्या निराळ्या रूपात घडते. पुरुष सहकारी सभेत बोलला तर तो धडाडीचा. बाई बोलली तर 'जरा जास्तच बोलतात'. न बोलली तर अर्थातच आत्मविश्वास नाही. या तराजूत कौशल्य नव्हे, कानांची सवय मोजली जाते. यावर माझ्याजवळ सोपा उपाय नाही. एवढे मात्र पाहिले आहे, की लेखी मुद्दे हातात घेऊन सभेला जाणाऱ्या बाईला मध्येच तोडणे लोकांना जरा अवघड जाते.

कागदाच्या या सामर्थ्याकडे आपण पदवीच्या निमित्ताने पाहावे, असे मला वाटते. मराठीचा अभ्यास करून आपल्याला कदाचित एकही वेतनवाढ मिळणार नाही. काही आस्थापनांत पदवी ही बढतीची अट असते. तेथे ती उंबरठा ओलांडू देते, पुढचे चालणे आपले. परंतु एखादी कथा वाचताना पात्र बोलते एक आणि त्याच्या मनात असते दुसरे, हे ओळखण्याचा सराव आपण येथे करीत आहात. 'म्हस कुठं बांधलीय' हा प्रश्न विचारायला जे लागते, ते याच जातीचे काही असते. माझ्या दहावी झालेल्या सहकाऱ्याकडे ते उपजत होते. ज्याच्याकडे उपजत नाही, त्याने ते कोठून मिळवावे? साहेबाच्या गाडीत बसून ते मिळत नाही, हे निश्चित.

ज्यांच्या नावाने आपले विद्यापीठ १९८९ साली नाशिकला स्थापन झाले, त्या यशवंतराव चव्हाणांचे शिक्षणही काही सरळ रांगेत झालेले नाही. जन्म १९१३ चा, देवराष्ट्रे गावचा. शाळेत असतानाच चळवळीत उडी, १९३२ मध्ये १८ महिन्यांची शिक्षा, आणि म्हणून मॅट्रिक झाले ते १९३४ साली, एकविसाव्या वर्षी. मग कोल्हापूरला येऊन राजाराम कॉलेजातून १९३८ मध्ये बी.ए. त्या काळी त्या कॉलेजात ना. सी. फडके आणि माधव जूलियन अध्यापन करीत होते. कायद्याची पदवी आणखी तीन वर्षांनी. वर्गातल्या गुणांसाठी कोणी यशवंतरावांचे नाव घेत नाही. विरोधकाशीही बोलणे तुटू न देणारा मुख्यमंत्री म्हणून घेतात. परंतु कारागृहातल्या दीड वर्षात त्यांनी काय केले, तर आचार्य भागवतांसारख्या जाणत्यांच्या सहवासात वाचन केले. ती सवय पुढे संरक्षणमंत्री झाल्यावरही सुटली नाही. कराडला त्यांच्या पत्नी वेणूताई यांच्या नावाने उभारलेल्या स्मारकात त्यांचा ग्रंथसंग्रह जतन केलेला आहे. कोल्हापुराहून कराड फार दूर नाही. परीक्षा आटोपल्यावर एखादा रविवार काढून तो पाहून या, आणि शक्य झाल्यास बरोबर आपल्या कार्यालयातला असा एक सहकारी न्या, ज्याला पुस्तकाचे वावडे आहे पण गावातल्या प्रत्येक मावशीची म्हैस ठाऊक आहे.